दार कुणाकडे उघडतं

हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात पिवळं पडायला लागलं की पोशीर गावात सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि मला भीती वाटायला लागते. तीन वर्षं झाली, त्यात काही फरक पडलेला नाही. सकाळी शेडचा पत्रा सरकवून बाहेर उभी राहिले की समोरच्या खाचरांतून पिकत आलेल्या भाताचा तो ओलसर, गोडूस वास येतो. लोकांना त्या वासाने भूक लागते. मला आधी घाम फुटतो, आणि तो का फुटला ते मागाहून आठवतं.

यंदा पावसाने मधे बरीच ओढ दिली आणि मग निरोप घेतल्यावरही दोनदा परत आला, विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखा. आज मात्र आभाळ स्वच्छ आहे. हिराकाकी खाचराच्या बांधावर उभी राहून लोंब्या हातात घेऊन दाबून बघते आहे. साठीच्या जवळ आलेली बाई, पण कापणीच्या दिवसांत तिच्या चालण्यात जी घाई येते ती माझ्या मुलीच्या चालण्यातही नाही. आमची शेड मुळात तिची पोल्ट्री. कोंबड्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी हवा दमट झाली की पत्र्यांतून त्यांचा वास सुटतो. त्या वासात आम्ही होडी बांधतो.

समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांत होडी कशाला, हा प्रश्न आम्हाला सगळ्यांनी विचारून झाला आहे. चौक गावच्या एका गॅरेजवाल्याने तर शिरीषला बाजूला घेऊन, कुणी फसवलंय का तुम्हाला, अशी हळूच चौकशी केली होती. शिरीष म्हणजे माझा नवरा. त्याने पूर्वी खोपोलीच्या एका कारखान्यात नकाशे काढायचं काम केलं होतं, त्यामुळे हा मुलूख त्याला पाठ. शेड मोठी आहे, हवा कोरडी ठेवता येते, सुतारकामाची माणसं मिळतात, अशी कारणं तो सांगतो. ती सगळी खरीच आहेत. पण पहिलं कारण मी होते. मला समुद्र दिसणार नाही, ऐकू येणार नाही आणि चुकूनही आठवणार नाही अशी जागा हवी होती. होडी बांधायची तर तिथेच, असं मी बजावलं होतं. या अटीतला विनोद तेव्हा मला कळला नव्हता.

त्याआधी आमची एक होडी होती. तीस फुटांची, एकाच अंगाची, तळाखाली शिशाचं वजन असलेली. तिचं नाव टिटवी. हे नाव मीच ठेवलं, आणि ते हिराकाकीला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला होता. "असलं नाव ठेवतं का गं कुणी? टिटवी वरडली का आमी पोरास्नी घरात घेतो." टिटवीवर आम्ही चार वर्षं राहिलो. मुक्ता, आमची मुलगी, आम्ही टिटवीवर गेलो तेव्हा तीन वर्षांची होती. जमिनीवर आली की ती पाय फाकून, डुलत चालायची आणि लोक विचारायचे, पायात काही दोष आहे का.

ती सात वर्षांची असताना एका दुपारी, किनारा दिसत असताना, वाऱ्याचा एक झोत आला आणि टिटवी आडवी पडली. असं होतं. शिशाच्या वजनाने ती परत उभी राहिली, त्यासाठीच ते वजन असतं. पण पुढच्या छोट्या खोलीत मुक्ता झोपली होती, खोलीचं दार बंद होतं, आणि वरच्या झडपेतून आत पाणी शिरलं होतं. मी घसरत, आपटत दाराशी पोचले तर दार उघडेना. मी खांदा लावला. पाय मागच्या फळीला रोवून सगळं अंग त्या दारावर टाकलं. आतून तिचा आवाज येत होता, "आई, दार. आई, दार." किती वेळ, तीन मिनिटं की दहा, ते मला आजही सांगता येणार नाही. मग शिरीष वरून खाली आला, त्याने मला दंडाला धरून बाजूला केलं आणि दार उघडलं. मुक्ता गुडघाभर पाण्यात उभी होती. तिला साधं खरचटलंही नव्हतं.

"दार फुगलं होतं," शिरीष म्हणाला. खाऱ्या हवेत लाकडी दार फुगतंच. आम्ही सगळ्यांना तसंच सांगितलं. टिटवी ज्याने विकत घेतली त्यालाही मी दोनदा बजावलं की बाबा, ते पुढचं दार तेवढं रंधून घे.

त्यानंतर मी घरातलं कुठलंही दार लावून घेणं सोडलं. न्हाणीघराचंसुद्धा. पाहुणे आले की पंचाईत व्हायची. मुक्ताला शाळेत घातलं, शिरीषने पुन्हा नोकरी धरली, आणि दोन वर्षं घरात कुणी होडी हा शब्द काढला नाही. मग एका रविवारी वरणभात कालवता कालवता मुक्ता म्हणाली, "आपण परत कधी जायचं?" जणू आम्ही इथे सुट्टीला आलो होतो आणि घरी परत जायचं तेवढं राहिलं होतं. शिरीषने माझ्याकडे बघितलं नाही, ताटाकडे बघितलं. दोघांनाही तेच हवं होतं आणि दोघंही माझ्यामुळे गप्प होते, हे मला त्या क्षणी दिसलं. नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, पण होडी आपणच आखायची आणि सगळी सुरक्षितता मी बघणार.

अशी आमची कॅटमरान सुरू झाली. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून एका मंचाने जोडल्या की कॅटमरान होते. आम्ही त्यांना डावी आणि उजवी म्हणतो. दोन अंगांवर उभी असल्याने ती कलंडत नाही, चहाचा कप टेबलावर राहतो. खाली शिसं लागत नाही. "सहजासहजी आडवी पडत नाही," शिरीषने सांगितलं, "आणि पडलीच तर पालथी होते, पण बुडत नाही. पालथी तरंगत राहते." हे त्याने मला धीर द्यायला सांगितलं होतं. मी त्यातला पालथी एवढा एकच शब्द ऐकला. टिटवी निदान परत उठली होती. ही उठणार नव्हती.

मग मी कामाला लागले. तळाची फळी जाड करायला लावली, आणि महिन्याभराने आणखी जाड. पाण्याच्या टाक्या दोनाच्या चार केल्या. नांगर तीन. प्रत्येक खोलीला भक्कम सागवानी दार, कारण पाणी आलं तर ते अडलं पाहिजे. शिरीष दर आठवड्याला होडीचं बाजूचं चित्र काढायचा आणि त्यावर ती पाण्यात कुठवर बसेल ती रेघ ओढायचा. ती रेघ दर आठवड्याला वर सरकायची. कॅटमरानला वजन सोसत नाही. मधल्या मंचाखालून लाट निघून जायला मोकळी जागा लागते, ती उरली नाही तर लाट खालून येऊन मंचावर धडका देते आणि सगळे सांधे खिळखिळे करते. हे मला वाचून माहीत होतं. तरी मी घालतच होते, आज एक पंप, उद्या एक शिडी. एके संध्याकाळी शिरीषने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "अनू, ही होडी नाही राहिली. कणगी झाली." भात साठवायची बांबूची भली थोरली कणगी हिराकाकीच्या पडवीत होती, तिच्याकडे बघून मला हसू आलं. हसता हसता रडू आलं. जी होडी नीट तरंगणार नाही ती जाणारही नाही, म्हणून मी तिला बुडवत होते, असं मला तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते.

ते हळव्या भाताच्या कापणीचे दिवस होते, आत्तासारखेच. शेडच्या समोरचं खाचर कापून मोकळं झालं होतं. शिरीष म्हणाला, कागदावर भांडण्यापेक्षा एकदा पूर्ण मापात आखून बघू. आत शिरून बघू. कुठे काय जास्त झालंय ते पायांना कळेल. आम्ही नेरळहून पांढऱ्या फक्कीच्या पिशव्या आणल्या, कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती. खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या, आणि भाताच्या धसकटांवर चाळीस फूट लांबीची होडी आखायला घेतली. हिराकाकी बांधावर येऊन उभी राहिली.

"काय गं बाय, सामने ठेवलेत का?"

"होडी आहे काकी."

"ही? न पाणी कुठं हाय?"

"पाणी नंतर."

"आठ दिवसांनी मला हितं वाल टाकायचा हाय. तवर काय खेळायचं ते खेळा."

ते आठ दिवस मला तपशीलवार आठवतात, आणि प्रत्येक आठवणीच्या तळाशी भीती आहे. सकाळचं धुकं खाचरावर बसलेलं असायचं आणि त्यात आमच्या पांढऱ्या रेघा हळूहळू उमटायच्या, आधी डावीचं टोक, मग उजवीचं. धसकटं तळव्यांना टोचायची. शेजारच्या खाचरात कापणी चालू असायची, विळ्यांचा चर्र चर्र आवाज, मधेच कुणाचं तरी हसणं, ओल्या पेंढ्याचा वास. कापलेलं भात दोन दिवस वाळत पडलं की बायका त्याचे भारे बांधून डोक्यावरून खळ्याकडे न्यायच्या. इतकं सुंदर सगळं, आणि मी त्याच्या मधोमध उभी राहून, इथून पाणी आत शिरेल का, याचा विचार करत असायची. एखाद्या बाईला आजार असावा तशी मला होडी झाली होती.

मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती. तिने पहिल्याच दिवशी नियम केला की रेघ ओलांडायची नाही, दारातूनच जायचं. हिराकाकी मात्र दुपारची भाकरी संपवून डोक्यावर मोकळी पाटी घेऊन सरळ भिंतीतून चालत यायची.

"काकी, दारातून या ना!"

"आता गं माझी बाय! दार हाय कुठं?"

मुक्ता तिला हाताला धरून परत बाहेर न्यायची आणि दारातून आत आणायची. आत आल्यावर काकी सगळं घर बघावं तसं बघायची. चुलीच्या जागी उभी राहून हात दोन्ही बाजूंना पसरून म्हणायची, "हितं भाकरी थापायची कशी?" एकदा तिने दारं मोजली आणि म्हणाली, "यवढी दारं कशाला गं? पावसात दार फुगून बसतं. आमी आतल्या खोलीला दार लावतच नाय, गोणपाट टांगतो. फडकं कदी फुगून बसत नाय." शिरीष हे ऐकून एकदम खाली वाकला आणि आधीच ताठ असलेली सुतळी ताणू लागला. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

घराच्या नकाशात तुम्ही पाहिलं असेल, दार दाखवायची एक रीत असते. भिंतीच्या रेघेत फट ठेवायची आणि त्या फटीपासून एक पाव वर्तुळ काढायचं. ते वर्तुळ ज्या बाजूला, त्या बाजूला दार उघडतं. आमच्या होडीतल्या सगळ्या दारांची वर्तुळं मी फक्कीने आखली होती. मुक्ताची खोली उजवीच्या पुढच्या टोकाला होती, तिचं दार आत, खोलीत उघडणारं. टिटवीतल्या खोलीसारखं नको म्हणून मी त्या खोलीत सगळं बदललं होतं, खिडकी, उंची, झोपायची बाजू. दार तेवढं मी हाताला आठवलं तसं काढलं होतं. मुक्ता होडीभर फिरायची, स्वयंपाक करायची, सुकाणू धरायची. त्या खोलीच्या दाराशी मात्र थांबायची. पाऊल उचलून परत ठेवायची. मला वाटायचं, तिला ती दुपार आठवत असेल. मग त्या दारासाठी मी आणखी एक लोखंडी कडी मनात मंजूर करायची.

सहाव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. सकाळी ऊन होतं आणि बघता बघता माथेरानच्या बाजूचा डोंगर दिसेनासा झाला. शेजारच्या खाचरात काकीचं भात कापून पसरलेलं होतं आणि खळ्यावर भाऱ्यांची उडवी अर्धी रचलेली. सगळी धावपळ सुरू झाली. काकी ओरडत होती, "पोरी, ताडपत्री बघा! अरं माझं भात जातंय रं!" ताडपत्री एकच होती आणि ती फाटकी. शिरीष शेडमध्ये पळाला आणि टिटवीचं जुनं मोठं शीड ओढत बाहेर घेऊन आला. होडी विकताना आम्ही ते ठेवून घेतलं होतं, का ते माहीत नाही. ते उडवीवर टाकायला चार माणसांनी चार टोकं धरली आणि तेवढ्यात वारा आला.

शीड वाऱ्यात फडफडतं तेव्हा त्याचा आवाज कापडाचा वाटत नाही, कुणीतरी जाड पत्रा झोडपतंय असा वाटतो. तीन वर्षं मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या हातातलं टोक सुटलं. मला खळं दिसेना, उडवी दिसेना, पायाखालची जमीन तिरकी झाली आणि मला एवढंच कळत होतं की मुक्ता कुठे आहे ते मला माहीत नाही. मी वळले. मुक्ता आखलेल्या होडीत होती. तोच आवाज ऐकून ती धावली होती आणि नेमकी त्या पुढच्या खोलीत, जिथे ती कधी जात नव्हती, तिथे जाऊन उभी राहिली होती.

मी धसकटांतून पळत गेले. उजवीच्या अरुंद वाटेतून, रेघा न ओलांडता, हे मला नंतर शिरीषने सांगितलं. आणि मुक्ताच्या दाराशी पोचल्यावर थांबले. समोर काही नव्हतं. मोकळं खाचर होतं, त्यात पांढऱ्या पुडीची एक रेघ होती आणि रेघेपलीकडे माझी मुलगी. मी दोन्ही तळवे पुढे केले, उजवा पाय मागे रोवला आणि हवेला ढकलू लागले. सगळी ताकद लावून. माझ्या तोंडून आवाज येत होता.

मुक्ता माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. काही तरी अवघड गोष्ट समजावून सांगायची असते तेव्हा मोठी माणसं करतात तसा चेहरा होता तिचा.

"आई," ती म्हणाली, "ते दार तुझ्याकडे उघडायचं."

मी ढकलतच होते.

"टिटवीतलं. ते बाहेर उघडायचं, तुझ्याकडे. मी आतून ढकलत होते." तिने पायाने माझं पाव वर्तुळ पुसलं आणि अंगठ्याने दुसरं काढलं, रेघेच्या या बाजूला. माझी दोन्ही पावलं त्या वर्तुळाच्या आत होती. "आणि तू बाहेरून."

पावसाचे थेंब पडायला लागले होते. ओली फक्की तिच्या अंगठ्याला चिकटली होती. मी खाली बसले, धसकटांवरच. शिरीष मागे येऊन उभा होता आणि त्याच्याकडे न बघता मला कळलं की त्याला माहीत आहे, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याने मला बाजूला केलं होतं. दार त्याने उघडलं नव्हतंच, मी बाजूला झाले म्हणून ते उघडलं होतं.

"दार फुगलं होतं म्हणालास तू," मी म्हटलं.

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"आणि हिला काय सांगितलंस?"

"बाबा म्हणाले, आईला नको सांगू," मुक्ता म्हणाली. "मी नाही सांगितलं. पण तू परत तसंच दार काढलंस, चुकीच्या बाजूला."

चार वर्षं त्या होडीवर राहिलेली बाई मी. ते दार मी रोज दहा वेळा उघडलं असेल, माझ्याकडे ओढून. आणि नेमक्या त्या दिवशी भीतीने माझ्या हातांना एकच गोष्ट आठवू दिली, ढकल. पोटच्या पोरीला मी दाराआड कोंडून धरलं होतं आणि तिची सुटका व्हावी म्हणून ओरडत होते. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

पाऊस पाच मिनिटांत गेला. शीड शेवटी उडवीवर बसलं होतं आणि भात वाचलं होतं. हिराकाकी पदराने तोंड पुसत आली, मला चिखलात बसलेली बघून तिला वाटलं मी तिच्या भातासाठी रडते आहे. "उठ गं बाय, येवढं काय नाय झालं. वाचलं समदं. तुमच्या त्या फडक्यानं वाचवलं." तिने मला काखेत हात घालून उभं केलं आणि दारातून, मुक्ताने दाखवलेल्या दारातून, बाहेर आणलं.

शिरीषशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तोच म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून काढू. ही होडी आपण कुणासाठी काढत होतो कोण जाणे." सगळे कागद गुंडाळून आम्ही माळ्यावर टाकले. नवा कोरा कागद टेबलावर पसरला तेव्हा आम्ही दोघंही नुसते बसून राहिलो. पेन्सिल मुक्ताने उचलली. तिने मधोमध एक छोटा चौकोन काढला, तिच्या खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याखाली लिहिलं, इथून बाहेर. होडी पालथी झाली तर ज्यातून बाहेर पडायचं ती झडप. मग तो चौकोन मधे धरून शिरीषने त्याच्याभोवती होडी काढली. अशी होडी कुणी आखत नसेल, पण आमची आहे ती अशीच आहे.

तिच्यात आता एकही लाकडी दार नाही. टिटवीच्या शिडाचे पडदे आहेत, काकीच्या गोणपाटासारखे. जे मुक्ताला एकटीला उघडता येत नाही ते आत घ्यायचं नाही, असं ठरलं. मी काही नवं सुचवलं की शिरीष गालात हसून विचारतो, "हे वजन होडीचं की तुझं?" पुष्कळदा माझंच असतं, आणि मी ते परत घेते. पाण्याची रेघ खाली आली. त्या हिवाळ्यात काकीने खाचरात वाल टाकला, फक्कीच्या रेघांवरूनच, आणि थंडीत त्याच शेंगांची पोपटी लावून आम्हाला बोलावलं. मडक्यातून काढलेल्या गरम शेंगा सोलताना ती म्हणाली, "खा गं, तुझ्याच होडीतला वाल हाय." मी खाल्ला. चवीला चांगला होता.

पण भीती गेली नाही. लोकांना वाटतं, खरं काय ते कळलं की माणूस मोकळा होतो. माझ्या बाबतीत भीतीने नुसती जागा बदलली. आधी मला दाराची भीती वाटायची, आणि दार बदलता येतं. आता मला माझ्या हातांची वाटते. मुक्ता ताप येऊन निजलेली असली की मी दहा वेळा जाते आणि दहाही वेळा उंबऱ्याशी थांबून स्वतःला विचारते, मी जाऊन काही बिघडवणार तर नाही ना.

होडी बांधताना तिची दोन्ही अंगं पालथी घालून बांधतात, तळ वर आणि पोट खाली. हे मला माहीत असूनही, डावी आणि उजवी पहिल्यांदा शेडमध्ये तशा उभ्या राहिल्या तेव्हा मी शेडबाहेर निघून गेले. गेली दोन वर्षं मी रोज पालथ्या होडीजवळ उठते, चहा पिते, काम करते. या महिन्यात उजवीचं बाहेरचं सगळं काम संपलं. आता तिला उलथून सरळ करायची होती. त्याआधी मुक्ता म्हणाली, "पालथी आहे तोवर झडप बघून घेऊ. नंतर अशी कधी मिळणार नाही." आणि मग स्वतःच जीभ चावली.

ती आता तेरा वर्षांची आहे. ती खालून रांगत आत गेली, पडदा ओढून घेतला, आणि मी बाहेर मोजायला लागले. सोळा म्हणेपर्यंत झडपेतून तिचं डोकं बाहेर आलं, केसांत भुसा. मग शिरीष गेला, तो जरा अडकला, पोट आत ओढून निघाला.

"आई, आता तू."

मी नाही म्हणणार होते. कारणं तयार होती, गुडघा दुखतो, कुणीतरी बाहेर हवंच. मुक्ता माझ्याकडे बघत राहिली, तशीच, खाचरातल्या त्या दुपारसारखी. मी आत गेले.

आत रेझिनचा उग्र वास होता आणि काळोख. जिथे छत असायला हवं तिथे, डोक्यावर, जमीन होती. मुक्ताचा पलंग माझ्या माथ्यावर उलटा टांगलेला. मी हातांनी चाचपडत पुढे सरकले, झडप लागली, आणि माझ्या हातांनी जे करायचं तेच केलं. ढकललं. झडप हलली नाही. मी खांदा लावला. बाहेरून मुक्ताचा आवाज आला, अगदी शांत, "आई, हात फिरव." मी हात फिरवला. झडपेवर काहीतरी उंचवट्यासारखं लागलं, लाकडाच्या भेगा बुजवायच्या लांबीने काढलेली, वाळलेली जाड अक्षरं. काळोखात बोटांना कळावीत म्हणून तिने ती तशी काढली होती. मी ती बालवाडीतल्या मुलासारखी गिरवली. आधी ओ. मग ढ.

मी ओढलं. पोल्ट्रीच्या पत्र्यातून येणारं ऊन एकदम तोंडावर आलं, आणि मुक्ताचे दोन हात.

परवा, कापणीची घाई सुरू व्हायच्या आधी, गावातली वीसेक माणसं आली, बायकाही आल्या. दोर बांधले, खाली गेल्या वर्षीच्या पेंढ्याचे भारे अंथरले, आणि हिराकाकीच्या आरोळीवर सगळ्यांनी मिळून उजवीला हळूहळू कुशीवर आणि मग सरळ केलं. पेंढ्यावर ती टेकली तेव्हा काकीने तिच्या बाजूवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. पुढच्या आठवड्यात डावी. मग दोन्ही जोडायच्या, आणि सगळं जमलं तर पावसाळ्याआधी ट्रेलरवरून, चौकमार्गे, खाडीला.

मुक्ताच्या खोलीत तो शब्द आता उलटा झाला आहे. शिरोरेघ खाली आणि अक्षरं तिच्यावर पाय वर करून. शिरीष म्हणाला, पुसून सरळ लिहू या. मुक्ता म्हणाली, "नको. होडी पालथी झाली की सरळ होईल तो." ती हे अगदी सहज म्हणाली.

आम्ही जाणार आहोत. मी भीत भीत जाणार आहे. आणि आता माझा एक नवा परिपाठ झालाय, तो समुद्रावरही राहील. सकाळी उठले की चहाच्या आधी मी उजवीत जाते, पडदा बाजूला करते, खाली वाकते, आणि तो शब्द सरळ वाचता येत नाही ना, तेवढं बघून येते.